व्हर्जिनियातलं बारावं मत

विधानसभेचा गुलाल आमच्या सुप्याच्या रस्त्यावरून अजून पुरता गेला नव्हता, तेव्हा दिपालीचा फोन आला.

"जास्मिन, गॅदरिंगला लोकशाहीवर एक छोटंसं नाटक लिहून दे. पण पक्ष नको, चिन्ह नको, गावातलं कुणी नको. पालक दोन्हीकडचे आहेत. मला मांडवात खुर्च्या उडालेल्या बघायच्या नाहीयेत."

दिपाली कॉलेजात माझ्या पुढे एक वर्ष होती. आता ती माझ्या मुलीची वर्गशिक्षिका आहे, म्हणून शाळेच्या फाटकाच्या आत मी तिला मॅडम म्हणते. इतिहासात एम.ए. केल्याचा उपयोग मला आजवर फक्त पोरीला झोपवताना गोष्टी सांगायला झाला होता. मी लगेच हो म्हटलं. आणि भांडण होऊच नये म्हणून नाटक नेऊन ठेवलं थेट अमेरिकेत, व्हर्जिनिया नावाच्या राज्यात, सव्वादोनशे वर्षांमागं. तिथल्या विधानसभेला सुप्यातल्या कुणाचा चुलता-मावसा उभा राहिलेला असण्याची शक्यता नव्हती.

रात्रीच्या जेवणाला मी सासऱ्यांना सांगत होते. तिथं तेव्हा मत कसं द्यायचे, तर कागद नाही, बटण नाही, आडोसा नाही. टेबलामागं शेरीफ बसायचा, म्हणजे तिथला अधिकारी. शेजारी बाकावर उमेदवार. मतदार समोर यायचा, शेरीफ विचारायचा, कुणाला मत देता? आणि त्यानं सगळ्या गावादेखत मोठ्यानं नाव सांगायचं. ज्याला मत मिळालं तो उमेदवार तिथल्या तिथं उठायचा, वाकायचा आणि त्या माणसाचं नाव घेऊन आभार मानायचा.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "समोरासमोर? आन् ज्याला न्हाई दिलं त्यो बी तितंच बसल्याला?"

"हो पप्पा."

"आरारारा! आपल्याकडं आसतं तर एका दिसात तालुका रिकामा झाला आसता."

माझे सासरे यशया. नोकरीतून कधीचे निवृत्त झाले, पण दर निवडणुकीला आमच्या वॉर्डातल्या बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसणारच. उमेदवार बदलतो, पक्ष बदलतो, खुर्ची यांची. कुणी बोगस मतदार आला की "आक्षेप!" असं ओरडतात, ते म्हणे पारनेरपर्यंत ऐकू जातं.

त्यांची नात मरिया, माझी मुलगी, सहा वर्षांची, पहिलीत. आवाज तिनं त्यांचाच घेतलाय, पण फक्त घरात. घरात या दोघांचा रोजचा खेळ म्हणजे मतदान. बिस्किटाचा डबा हे मशीन, माझी जांभळी नेलपॉलिश ही शाई. आजोबांना दाराशी रांगेत उभं करायचं, "नाव सांगा!" म्हणून दरडावायचं, बोट रंगवायचं, मग डब्यावर टिचकी आणि तोंडानं "बीईईप". एकदा ऐन मतदानात वीज गेली, तर अंधारातून हिचा आवाज आला, "फेरमतदान!" सासरे तेव्हा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

आणि शाळेत? शाळेत ती जूनपासून एक शब्द बोललेली नव्हती. हजेरीला हात वर करते. दोनदा युनिफॉर्म ओला करून आली, कारण "मॅडम, जाऊ?" एवढं तोंडातून निघेना. नगरला नेऊन डॉक्टरांना दाखवलं. कान चांगले, जीभ चांगली. "घरी बोलते ना, मग बाहेरही बोलेल," डॉक्टर म्हणाले, "जबरदस्ती करू नका. आणि तिच्या वतीनं तुम्ही बोलू नका." मी मान हलवली. दवाखान्याच्या दारात औषधवाल्यानं विचारलं, "नाव काय बाळाचं?" आणि मी म्हणाले, "मरिया."

तर हे असं होतं. त्यामुळं व्हर्जिनियात बायकांना मत नव्हतं, हे मला फार सोयीचं वाटलं.

मी मरियाला एका शेतकऱ्याची बायको केलं. हातात टोपली, डोक्याला रुमाल. नवऱ्याबरोबर यायचं, तो मत देईतो मागं उभं राहायचं, त्याच्याबरोबर जायचं. वाक्य एकही नाही. सगळ्यांची पोरं स्टेजवर, माझीही स्टेजवर, आणि कुणी म्हणायला नको की हिला बोलता येत नाही.

दिपालीनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "एखादं वाक्य दे की गं तिला."

"त्या काळात मत नव्हतं बायकांना."

"न्यू जर्सीत होतं म्हणून तूच कॉलेजात डोकं खायचीस. ज्यांच्या नावावर मालमत्ता आहे अशा एकट्या बायका मत द्यायच्या तिथं."

"आपण व्हर्जिनिया करतोय."

"बरं," दिपाली म्हणाली. ती 'बरं' म्हणते तेव्हा तिला काहीच बरं वाटलेलं नसतं.

उमेदवार दोन. श्रीयुत क्रेन, म्हणजे चौथीतली राजनंदिनी. कोळशाची मिशी लावून उभी राहिली की खरंच तिकीट द्यावं असं वाटायचं. आणि श्रीयुत पॉटर, म्हणजे तिसरीतला शाहबाज. अकरा मतदार. सहा क्रेनला, पाच पॉटरला, शेवटी क्रेनचं विजयी भाषण. तालमीला रोज हे असंच व्हायचं. रोज शाहबाज हरायचा आणि रोज मॅडमच्या मागं लागायचा, "आज तरी मला जिंकू द्या ना. घरी काय, कुणाला कळणारे?"

"शाहबाज, ते लिहिलेलं आहे."

"मग खोडा."

त्याला कुणी खोडून देत नव्हतं. मग तो स्टेजच्या कडेला मरियाशेजारी येऊन बसायचा, कारण तिथं त्याला उलट बोलणारं कुणी नव्हतं. खिशातले शेंगदाणे निम्मे तिच्या टोपलीत टाकायचा आणि आपलं दुःख सांगत राहायचा. ती ऐकायची. मी खिडकीतून बघायचे. मी शाळेच्या खिडकीतून जितकं बघते तितकं सीसीटीव्हीपण बघत नसेल.

गॅदरिंग शनिवारी, जानेवारीत, दुपारी चारला. मैदानात मांडव. माझा नवरा जस्टिन एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला अडकलेला. "नुसता तिचा व्हिडिओ काढ, बाकीचे नको," असं तीनदा सांगून गेलेला. सासरे पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. त्यांच्यामागं राजनंदिनीचे वडील अजिनाथ, एका पुढाऱ्याचे जुने कार्यकर्ते. त्यांच्या मांडीवर कागदी पिशवी होती. पोरगी निवडून येणार हे त्यांना पोरीकडून आधीच कळलेलं. पिशवीत काय असेल याचा मी विचारसुद्धा केला नाही. मी विंगेत उभी होते. एका हातात वही, एका खांद्याला पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि मरियाचे कोरडे कपडे. दुसऱ्या हातात पडद्याची दोरी, कारण ती धरायला दुसरं कुणी नव्हतं.

माईकवर निवेदन झालं, तिथं तेव्हा बायकांना मत नव्हतं हेही सांगून झालं. शेरीफ म्हणून दिपाली मॅडम स्वतःच टेबलाशी बसल्या, कारण गणती पोरांवर सोडायला त्या तयार नव्हत्या. उमेदवार बाकावर बसले. त्या काळी उमेदवार मतदारांना आल्याचा केक आणि दारू वाटायचे. दारू मॅडमनी काढून टाकली होती, केकऐवजी आल्याच्या वड्या ठेवल्या. राजनंदिनीनं ताट फिरवलं तशी मागच्या रांगेतून आरोळी आली, "हिकडं बी पाठवा की! आमी काय मतदार न्हाई व्हय?"

मांडव हसला, आणि तिथून जे सुरू झालं ते कुणाच्या हातात राहिलं नाही.

"मतदार, कुणाला मत देता?"

"श्रीयुत क्रेन!"

राजनंदिनी उठली, वाकली. "आपली आभारी... आपला आभारी आहे, श्रीयुत स्मिथ!"

टाळ्या. पुढचं मत पॉटरला. शाहबाज इतका वाकला की त्याची टोपी पडली. पुन्हा टाळ्या, पण दुसऱ्या बाजूनं. तिसऱ्या-चौथ्या मताला मांडवाचे सरळ दोन भाग झाले. कुणी ठरवलं नव्हतं. डावीकडचे क्रेन, उजवीकडचे पॉटर. ज्यांचा या पोरांशी संबंध नव्हता तेही ओरडत होते. नोव्हेंबरात सगळ्यांनी आडोशामागं गुपचूप बटण दाबलं होतं. इथं नाव घेऊन ओरडायला मिळत होतं. "येऊन येऊन येणार कोण?" अशी घोषणा उठली. चार-तीन. चार-चार. पाच-चार. माझे सासरे बोटांवर मोजत होते आणि शेजारच्याला दटावून सांगत होते, "गप बसा, मोजनी चालू हाय." पाच-पाच झालं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. लिहिलं मी होतं, शेवट मला पाठ होता, तरी.

शेवटचा मतदार शेतकरी, म्हणजे दुसरीतला कल्याण. त्याच्यामागं टोपली घेऊन माझी मरिया. रुमाल एका बाजूला सरकलेला. कल्याण छाती काढून म्हणाला, "श्रीयुत क्रेन!"

सहा-पाच!

"उडवाऽऽ!" अजिनाथ उठले आणि पिशवीत हात घालून त्यांनी मूठभर गुलाल वर फेकला. निकाल जाहीर व्हायचा होता, पण इथं गुलालाला धीर कुठला? पुढच्या रांगेतल्या बायांच्या पदरांवर, माझ्या सासऱ्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर, सगळीकडं गुलाबी. "आरं, मोजनी व्हायची हाय आजून!" सासरे शर्ट झटकत ओरडले. राजनंदिनी भाषणाला उभी राहिली. कल्याण ठरल्याप्रमाणं डावीकडून निघून गेला.

मरिया गेली नाही.

टेबलासमोर तशीच उभी. मला वाटलं, घाबरली. गोंधळ, गुलाल, एवढी माणसं. माझी नजर आधी तिच्या पायांपाशी गेली, मग दोरीकडं. ती मात्र शाहबाजकडं बघत होती. तो बाकावर बसलेला, त्याचीही कोळशाची मिशी अर्धी पुसलेली, खालचा ओठ पुढं आलेला. हे नाटकातलं नव्हतं. तो खराच हरलेला होता, आजही.

मरिया एक पाऊल पुढं सरकली. मी विंगेत, ती माझ्यापासून चार हातांवर. तिचे ओठ हलले.

"पॉटर."

मी ऐकलं. आवाज आमच्या घरातला होता, बिस्किटाच्या डब्यामागचा, फक्त बारीक केलेला. आणि शाहबाजनं ऐकलं. त्यानं एक क्षण तोंड उघडं टाकलं, मग ताडकन उठला आणि टोपी काढून वाकला. त्या बाईला मी नाव दिलेलंच नव्हतं. त्यामुळं तो म्हणाला, "मी आपला आभारी आहे, मरिया!" आणि लगेच वळून किंचाळला, "मॅडम! सहा-सहा! सहा-सहा झालं!"

मग जे व्हायचं ते झालं.

"कुटं दिलं मत? आमी न्हाई ऐकलं!" डावीकडून.

"दिलं, दिलं! वठ हालले तिचे!" उजवीकडून.

अजिनाथ गुलालानं माखलेला हात वर करून उभे. "मॅडम, हे चालायचं न्हाई! बायांना मतच न्हवतं तितं. आत्ताच सांगितलं ना तुमी माईकवर!"

हे त्यांनी बोलायला नको होतं. त्यांच्या मागच्या रांगेतून एक बाई उठली. "ओ भाऊ! मत न्हवतं व्हय आमाला? मग नोव्हेंबरात दारात हात जोडून कशाला हुबे ऱ्हायलेले?" सगळ्या बाया एकदम हसल्या. तिच्या शेजारणीनं भर घातली, "दोनदा आल्ते! एकदा तर जेवायच्या वक्ताला!"

"ताई, ते येगळं, ही अमेरिका हाय!"

"मग गुलाल कुटला उडिवला, अमेरिकेचा का सुप्याचा?"

सासरे खुर्चीवर चढले. मला वाटलं, आता हे नातीसाठी गाव डोक्यावर घेणार. पण एजंट तो एजंट. "गप बसा समदे! मत पडलं का न्हाई ते अधिकारी सांगंल. मॅडम, तुमी ऐकलं का?"

दिपाली मॅडमनी प्रामाणिकपणे मान हलवली. नाही. मग त्यांनी विंगेकडं बघितलं, माझ्याकडं.

दोरी माझ्या हातात होती. ओढली असती तर पडदा पडला असता, लोक हसत उठले असते, मरियाला मी कवेत घेऊन मागच्या दारानं नेलं असतं. नाहीतर नुसतं म्हणायचं होतं, "हो, दिलं तिनं, मी ऐकलं." खरंच तर होतं ते. माझं तोंड उघडलंसुद्धा. जीभ टाळ्याला लागली. आणि मला दवाखान्याच्या दारातला औषधवाला आठवला.

मी तोंड मिटलं.

दिपालीनं पेन उचललं, खुर्चीत सरळ बसली आणि अगदी शेरीफच्या आवाजात विचारलं, "बाई, कुणाला मत देता? सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."

मांडव गप्प झाला. एवढा गप्प की हायवेवरचे ट्रक ऐकू आले. सासरे खुर्चीवर उभेच, पण त्यांनी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले होते, जसं काही ते सोडले तर तोंडच उघडेल. मरियानं वळून माझ्याकडं बघितलं. मी ओठसुद्धा हलवले नाहीत. हसलेही नाही. नुसती बघत राहिले. ती बघत होती की आई सांगते का, आई सांगते का. आई काही सांगेना.

तिनं टोपली टेबलावर ठेवली. आतले शेंगदाणे सांडले. दोन्ही हात मोकळे केले.

"पॉटरला," ती म्हणाली. आणि मग, आजोबांच्या आवाजात, शेवटच्या खांबापर्यंत पोचेल अशा, "शाहबाजला! त्यो रोजच हरतो!"

मांडवाचं छत वर गेलं की काय असं वाटलं. डावे-उजवे कुणी उरलंच नाही. बाया टाळ्या वाजवत होत्या, कुणीतरी पिपाणी फुंकत होतं, शाहबाज बाकावर चढून नाचत होता. दिपाली मॅडमनी मान खाली घालून बराच वेळ काहीतरी लिहिलं. एक आकडा लिहायला एवढा वेळ लागत नाही. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बारावं मत, श्रीयुत पॉटर. सहा-सहा. समान."

"मग मी भाषण कधी करू?" राजनंदिनीनं विचारलं.

"आन् ह्यो गुलाल कुनावर टाकू मी?" अजिनाथनी पिशवी वर धरली.

"दोगांवर बी टाक!" सासरे खुर्चीवरून उतरता उतरता ओरडले. "पर आदी तिच्यावर!"

अजिनाथ खरोखर स्टेजवर आले. मघाशी आक्षेप घेतलेला माणूस गुडघ्यांवर बसला आणि चिमूटभर गुलाल त्यानं मरियाच्या कपाळाला लावला. "तुमचं मत मान्य, बाईसाहेब." तिनं त्याच्याकडं संशयानं बघितलं, मग त्याच्या पिशवीत स्वतःच हात घातला आणि मूठभर शाहबाजच्या टोपीत ओतला. पुढचा कोळी डान्स विंगेत ताटकळत होता, त्यांच्या बाई मला खुणावत होत्या, आणि मी पडदा ओढायचा विसरून दोरीला धरून रडत-हसत उभी होते. जस्टिनसाठी व्हिडिओ काढायचाही राहिला तो राहिलाच.

घरी येताना स्कूटरवर मरिया पुढं उभी, मी चालवतेय, सासरे मागं. तिघंही गुलाबी. मरिया गप्प होती. इतकी गप्प की मी स्कूटर हळू केली. संपलं का? एवढंच होतं का? आरशात सासऱ्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनाही तेच विचारायचं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

हायवेच्या कडेला रसवंती दिसली. सासरे म्हणाले, "थांब पोरी, घसा सुकला." मशीनच्या घुंगरांचा आवाज चालू होता. रसवाला नवीन होता, आमच्या ओळखीचा नव्हता. त्यानं आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं, ग्लास पुढं ठेवले आणि वाकून मरियाला विचारलं, "एवढा गुलाल? कोन निवडून आलं गं बाळा?"

मरिया माझ्या ओढणीमागं गेली.

सासऱ्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तोंड मिटून रसाचा घोट घेतला. आम्ही दोघं उभे राहिलो. घुंगरं वाजत राहिली. रसवाल्यानं एक कांडं घातलं, ते पिळून बाहेर आलं, त्यानं ते दुमडून परत घातलं.

ओढणी हलली.

"कुनीच न्हाई," आतून आवाज आला. मग रुमाल सरकलेलं गुलाबी डोकं बाहेर आलं. "सहा-सहा झालंय. फेरमतदान हाय."

"आसं व्हय!" रसवाला गंभीरपणे म्हणाला. "मग मला बी ईल का करता मतदान?"

मरियानं ग्लास खाली ठेवला. तोंडावरचा रस बाहीनं पुसला, त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"नाव सांगा," ती म्हणाली.